इतिहासाच्या तासाला रेडिओ

पोरांना इतिहास बोअर का होतो यावर स्टाफरूममध्ये लय चर्चा होते, पुस्तक जाड आहे, सनावळ्या जास्त आहेत, मोबाइलनं डोकं खराब केलं वगैरे वगैरे. मला यातलं फारसं काही पटत नाही. मला वाटते खरी अडचण ही आहे की आठवीच्या पोराला धडा उघडायच्या आधीच शेवट माहीत असतो. इंग्रज जाणार, १५ ऑगस्ट येणार, झेंडा फडकणार. मग मधल्या लोकांची भीती, घालमेल, रात्र रात्र जागणं, हे सगळं त्याला फालतू वाटते, कारण काय व्हायचं ते तर ठरलेलंच आहे ना. पण जे तेव्हा जगत होते त्यांना उद्या सकाळी काय होईल हेही माहीत नव्हतं. हे फळ्यावर लिहून समजावता येत नाही, मी करून पाहिलंय. रेडिओ ऐकवला की मात्र समजते, म्हणून गेली काही वर्षं मी इतिहासाच्या तासाला जुनी प्रक्षेपणं ऐकवून राहिले आणि त्याबद्दल कितीतरी दिवसांपासून लिहायचं होतं.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलला शिकवते. इथून चिमूर काही फार लांब नाही, पोरं घोडायात्रेला जातात, कोणाची मावशी तिकडे तर कोणाचा मामा तिकडे. पण १६ ऑगस्ट १९४२ ला, छोडो भारत आंदोलनात, नागपंचमीच्या दिवशी, तिथं काय झालं हे विचारलं तर वर्ग गप्प. मोर्चा निघाला, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर शहीद झाले, चिडलेल्या लोकांच्या हातून अधिकारी आणि पोलीसही मारले गेले, आणि मग गोऱ्या सोजिरांची पलटण गावात घुसली आणि बायकांवर अत्याचार झाले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला पोलीस ठाण्यावर लोक गेले आणि तिथंही माणसं मेली. आता मी पोरांना एवढंच विचारते, ही बातमी मुंबईला कशी पोहोचली असेल सांगा. पेपरवर सेन्सॉर, ऑल इंडिया रेडिओ सरकारच्या हातात, मोबाइल नाही, काही नाही.

इथं काँग्रेस रेडिओ येतो, आंदोलनातल्या लोकांनी लपूनछपून चालवलेला. तो चालवणाऱ्यांतल्या उषा मेहता तेव्हा फक्त २२ वर्षांच्या, म्हणजे आमच्या गावातल्या डी.एड. करणाऱ्या पोरींएवढ्या. मुंबईत चोरून ट्रान्समीटर बसवलेला, जागा सारखी बदलायची कारण पोलीस लहरींचा माग काढत फिरायचे, आणि सुरुवातीलाच सांगायचं की हा काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवर, भारतात कुठून तरी. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप आणि आपलं चिमूर-आष्टी, जे पेपर छापू शकत नव्हते ते इथून लोकांना कळलं. राममनोहर लोहियाही यावर बोलायचे. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी धाड टाकली, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. आणि जवळपास त्याच दिवसांत इकडे गांधीजींच्या आश्रमातल्या प्राध्यापक भन्साळींनी चिमूरच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी उपोषण सुरू केलं, ६३ दिवस चाललं ते, आणि त्याची बातमी छापायलाही बंदी होती.

मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे ते बोलणं आज आपल्याला माहीत आहे ते बऱ्याच अंशी पोलिसांमुळे. पोलीसच प्रक्षेपण ऐकून उतरवून घ्यायचे, खटल्यात पुरावा पाहिजे म्हणून. ज्यानं बंद पाडलं त्यानंच जपून ठेवलं. पोरांना हे सांगितलं की पुरावा म्हणजे काय, साधन म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग मी वर्गाचे दोन भाग करते. एकानं सरकारी रेडिओची बातमी लिहायची, दुसऱ्यानं काँग्रेस रेडिओची, विषय एकच, चिमूर. नियम असा की ऑगस्ट १९४२ नंतरचं काहीही वापरायचं नाही, "शेवटी देश स्वतंत्र झाला" हे लिहिलं की कागद परत. एका वर्षी काँग्रेस रेडिओवाल्या गटात जोराचं भांडण लागलं, अधिकारी मेले हे सांगायचं का नाही म्हणून. एक पोरगा म्हणे, आपण गांधीजींचे लोक आहोत ना, हे सांगितलं तर आपलीच बदनामी होते. एक पोरगी म्हणे, नाही सांगितलं तर मंग आपल्यात अन् सरकारात फरक काय राह्यला? तास संपला, घंटा झाली, एसटीची वेळ झाली तरी भांडण चालूच होतं. मी काही निकाल दिला नाही, देऊही नये असं माझं मत आहे.

आता प्रत्यक्ष ऐकवायचं कसं, कारण हे मला बाकीचे शिक्षक नेहमी विचारतात. एक फोन आणि एक ब्लूटूथ स्पीकर, बस. क्लिप आधी डाउनलोड करून ठेवा, नेटवर्कच्या भरवशावर तास घेऊ नका, आणि स्पीकर रात्री चार्ज करा कारण लाइन कधी जाईल सांगता येत नाही. तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त ऐकवू नका, पोरांचं लक्ष जाते. पहिल्यांदा ऐकवताना कोण बोलतंय, कधीचं आहे, काहीच सांगायचं नाही, फक्त आवाजावरून लिहा म्हणायचं, माणूस घाबरलेला आहे का, वाचून बोलतोय का मनानं बोलतोय. दुसऱ्यांदा ऐकवायच्या आधी माहिती द्यायची. इंग्रजी भाषण असेल तर मराठीतला सारांश आधी वाचून घ्यावा लागते, ते थोडं कष्टाचं काम आहे. हिंदीचा आपल्याकडे प्रश्नच नाही.

३० जानेवारी १९४८ चं नेहरूंचं भाषण असंच न सांगता लावते. लिहून आणलेलं नव्हतं ते, गांधीजी गेल्यावर काही तासांत माणूस माइकसमोर येऊन बसला. शब्द कळले नाहीत तरी आवाज कळतो, पोरं लिहितात की याच्या घरचं कोणीतरी गेलं असावं.

गांधीजींचा स्वतःचा आवाज ऐकून तर पोरं चाटच पडतात. सेवाग्रामची सहल झालेली असते, बापू कुटी पाहिलेली असते, तिथली ती चटई, चरखा सगळं पाठ, पण आवाज कोणी ऐकलेला नसतो. १२ नोव्हेंबर १९४७ ला, दिवाळीच्या दिवशी, ते दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले, आयुष्यात एकदाच, कारण कुरुक्षेत्रच्या छावणीतल्या निर्वासितांपर्यंत त्यांना जाता येत नव्हतं. "मॅडम, एवढ्या हळू बोलत होते का जी गांधीजी?" हा प्रश्न दर वर्षी येते. एवढ्या हळू बोलणाऱ्या माणसाचं लाखो लोक ऐकत होते, यावर पोरं खरंच विचार करतात.

आणि ३ जून १९४७. त्या संध्याकाळी ऑल इंडिया रेडिओवर माउंटबॅटन, नेहरू, जिना आणि शिखांचे नेते बलदेवसिंग एकामागून एक बोलले, फाळणी होणार हे लोकांना कळलं. हे ऐकवून मी थांबते आणि विचारते, तू पंजाबातला शेतकरी आहेस, पेरणी तोंडावर आली, तू उद्या काय करशील? पोरं आधी पटकन म्हणतात, निघून जाऊ. कुठं? रेषा कुठून जाणार हे कुठं माहीत आहे. रॅडक्लिफ या इंग्रजानं आखलेली सीमेची रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. बी पेरायचं का ठेवायचं, बैल विकायचे का, यावर आमची शेतकऱ्यांची पोरं जेवढं डोकं लावतात तेवढं मी कोणत्याच धड्याला पाहिलं नाही.

नववीला १९६० नंतरचा भारत आहे, तिथं २६ जून १९७५ चं इंदिराजींचं भाषण लावते. राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली, घाबरायचं कारण नाही, असं शांतपणे सांगणारा आवाज. पोरांना विचारते, घाबरू नका असं कोणी कधी म्हणते?

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते घरच्या अभ्यासानं. म्हाताऱ्या माणसांना विचारून या, तुम्ही रेडिओवर कोणती मोठी बातमी ऐकली, एवढंच. पोरं वह्या भरून घेऊन आली. रेडिओचं लायसन असायचं आणि पैसे पोस्टात भरावे लागायचे, सेल वाचवायला बातम्या संपल्या की बंद करायचा, आजूबाजूचे लोक ओसरीवर येऊन बसायचे. आणि त्यात ३१ ऑक्टोबर १९८४. एका पोराच्या आबाजीनं सांगितलं इंदिराजी गेल्याचं दुपारीच कळलं होतं, दुसरीच्या आजीनं सांगितलं दिवे लागायच्या वेळेला कळलं. दोघंही एकाच गावचे, घरं चार पावलांवर. वर्गात वाद सुरू झाला, कोणाची आठवण चुकली. मी म्हटलं जा, परत विचारून या की कोणतं स्टेशन लावलं होतं. आबाजी बीबीसी हिंदी ऐकणारे निघाले, आजीच्या घरी फक्त आकाशवाणी. गोळ्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास झाडल्या होत्या, बीबीसीनं मृत्यूची बातमी आधीच दिली आणि आकाशवाणीनं अधिकृतपणे सांगितलं संध्याकाळी. खुद्द राजीव गांधी तेव्हा बंगालमध्ये दौऱ्यावर होते, त्यांनीही बीबीसीच ऐकली. म्हणजे दोघं म्हातारे खरं बोलत होते! दहावीच्या पुस्तकात प्रसारमाध्यमे आणि इतिहास असा अख्खा धडा आहे, तो या दोन घरांतून जेवढा कळला तेवढा माझ्या भाषणातून कधी कळला नसता.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत पुढचा प्रश्न देणार आहे आणि तो लवकर द्यायला पाहिजे, कारण उत्तर देणारे लोक आता ऐंशीच्या वर आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि १६ ला चंद्रपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, आमच्या भागातून लोक पायी आणि बैलबंडीनं गेले होते. दोन महिनेही झाले नाहीत आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ही बातमी आपल्या गावात कधी पोहोचली, कोणाच्या तोंडून, रेडिओ होता का आणि कोणाच्या घरी, आणि ज्यांच्या वस्तीत एकही रेडिओ नव्हता त्यांना किती दिवसांनी कळलं? फोनवर रेकॉर्ड करून आणा असं सांगणार आहे, नाव, वय, गाव आणि तारीख सुरुवातीला त्यांच्याच तोंडून बोलवून घ्यायची. तुमच्या घरी कोणी असेल तर तुम्हीही विचारा.