बंड्याच्या पिंजऱ्याचं अपडेट: ३०४ सांगून २०२ दिलं

माझा पोपट बंड्या याच्या नव्या स्टेनलेस स्टीलच्या पिंजऱ्याच्या सांध्यांवर तांबूस ठिपके दिसायला लागले तेव्हाच शंका आली होती. काल स्टीलचा ग्रेड तपासायचं लिक्विड हातात आलं. जाळीच्या कोपऱ्यावर थेंब टाकला, नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली आणि थेंब लालभडक झाला. म्हणजे स्टील २०२ ग्रेडचं. बिलावर ३०४ लिहिलंय आणि पैसेही ३०४चेच घेतलेत.

पिंजरा बनवणाऱ्या फॅब्रिकेटरचं एकच पालुपद: "साहेब, मॅग्नेट लावून बघा, चिकटतंय का?" नाहीच चिकटत. पण चुंबक ३०४ला चिकटत नाही तसं २०२लाही चिकटत नाही. चुंबकाने कळतं ते एवढंच, की हे साधं लोखंड नाही. खरा फरक निकेलचा. ३०४मध्ये ते साधारण आठ टक्क्यांच्या वर असतं, २०२मध्ये चार ते सहा, आणि उरलेली कसर मँगनीज घालून भरून काढतात. लिक्विड ते मँगनीज पकडतं. एवढं समजावूनही तो चुंबक सोडायला तयार नाही. संताप होतो, कारण बंड्यासाठी बाजूला ठेवलेला वर्षभराचा पैसा त्या पिंजऱ्यात गेलाय.

२०२ विषारी नाही, हे आधी सांगतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, त्याबद्दल आपलं बोलणं झालंय: त्यावरचा जस्ताचा थर पोपट चोचीने खरवडतो, तो पोटात जातो आणि विषबाधा होते. २०२मध्ये ती भीती नाही. पण आपली खारी, दमट हवा आणि रोजची धुलाई, त्यात ते गंजणारच. फॅब्रिकेटर म्हणतो, वरून पेंट मारून देतो. बंड्या ग्रीन चीक कोन्युअर जातीचा छोटा पोपट आहे, जे दिसेल ते सोलतो. तो पेंट उद्या त्याच्या पोटात जाणार, हे मला चालणार नाही.

एक गोष्ट मात्र झकास जमली. सांधे सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट पाण्याने घासले, भरपूर पाण्याने धुऊन पुसून कोरडे केले, तर ठिपके साफ गेले. पुन्हा येतील, पण तोवर रात्री झोपण्यापुरता पिंजरा वापरता येईल.

दिवसासाठी ३०४चा दुसरा पिंजरा करून घ्यायचं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच डोक्यात आलं, बेडरूमच्या खिडकीला बॉक्स ग्रिल, म्हणजे बाहेर आलेली पेटीसारखी लोखंडी जाळी, आहेच की! सांगाडा फुकटात तयार, लागेल ती फक्त अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, आणि ती कुंभारवाड्याच्या स्टील बाजारातून लिक्विडची बाटली खिशात ठेवूनच घ्यायची. अडचण ग्रिलच्या जुन्या ऑइल पेंटची. त्यात शिसं असू शकतं. म्हणून जाळी ग्रिलला टेकवायची नाही, आतून दोन इंच सोडून वेगळ्या चौकटीवर बसवायची. चोच पोचणार नाही आणि कावळेही बाहेरच राहतील. वर अर्ध्या भागात सावली हवी, दुपारचं ऊन थेट येतं.

बाकी खर्च आटोक्यात आहे. पेलेट्स, म्हणजे पोपटांचं तयार गोळीखाद्य, महाग झालेत, पण ते बंद करणार नाही. निव्वळ बियांवर ठेवलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडतं. जोडीला शेवग्याचा पाला, गाजर, लाल माठ आणि मोड आलेले मूग. शेवग्याचा पाला बाजारात जवळपास फुकट मिळतो आणि तो आयात केलेल्या सप्लिमेंटपेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो. बसायच्या दांड्या पेरूच्या फांद्यांच्या, आमच्या सोसायटीतल्याच झाडाच्या. नॉन-स्टिक तवा, तापला की त्याचा धूर पोपटाला घातक म्हणून, कधीच घराबाहेर गेला, आता बिडाचा. रोज सकाळी किचनच्या काट्यावर वजन घेतो, सध्या ६८ ग्रॅम. दहा टक्के उतरलं की वाट न बघता सरळ परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठायचं. त्यासाठी दर महिन्याला ठेवायची रक्कम पिंजऱ्याच्या भानगडीतही मोडलेली नाही.

क्रॉफर्ड मार्केटला कोणी आपल्या रानातल्या पोपटाची पिल्लं दाखवली, तर तिथून दाणासुद्धा घेऊ नका. १९७२च्या कायद्याने तो धंदा गुन्हा आहे आणि टोपलीतली ती पिल्लं बघवत नाहीत.

आता प्रश्न चौकटीचा. ३०४चा चौकोनी पाइप टिग वेल्डिंगने जोडावा की नुसते नट-बोल्ट पुरतील? सोसायटीने उद्या आक्षेप घेतला तर बोल्टची चौकट सोडवता येईल, म्हणून माझा कल तिकडे आहे. कोणी खिडकीत असं बसवलं असेल तर बोल्टचा साइज सांगा. बंड्या नट फिरवायला शिकलाय, त्यामुळे लॉक-नटच लागतील.