मान हलली ती कुणाची

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. तसं झालं काहीच नाही. फायर स्टेशनला भंगाराच्या गोडाऊनला आग लागल्याची वर्दी होती, ऑफिसर मी, आग आटोक्यात आली, कुणाला खरचटलं पण नाही, रिपोर्टमध्ये चार ओळींत मावेल एवढंच.

माझे दोन फायरमन बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायची हवेची टाकी, घालून शटरच्या आत होते, ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, हातात, आणि वर पत्र्याचे अँगल वाकायला लागलेले. नागपूरला फायर कॉलेजमध्ये घोकून घेतलंय की लोखंड वितळायची वाट बघायची नाही, साडेपाचशे डिग्रीच्या आसपासच त्याची निम्मी ताकद गेलेली असते. मी ओरडले, आता आत नाही, बाहेर या, बाहेरूनच मारू. दोघांनी ऐकलं. नक्की ऐकलं, कारण थांबले. आणि मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे पंपावर मामा, आमचे जुने पंपवाले. मामांची मान हलली, किंचित, डास हाकलावा एवढी, आणि मग पोरं बाहेर आली.

बास, एवढंच. पण ती मान डोक्यातून जात नाही.

ऑर्डर माझी, सही माझी, उद्या वर उत्तर द्यायचं तर ते पण मीच. मग मी काय तिथे शिक्का मारायला उभी होते का? मी बाई आहे म्हणून, असंही मनात आलं, पण तो विषय आज नको, तो काढला की रात्र पुरणार नाही.

नंतर चहा पिताना मामा म्हणाले, "मॅडम, बरोबर वेळेला काढलंत पोरांना." चांगल्या मनानेच म्हणाले. पण शाबासकी दिली म्हणजे परत तेच झालं ना, पास-नापास करणारे तेच.

मग होज धुताना एकदम वाटलं, अगं, पंप मामांकडेच होता, पाण्याने भरलेली लाईन घेऊन मागे यायचं तर प्रेशर कमी व्हायला नको का, नाहीतर ब्रँच हातात ठरत नाही, पोरं पंपाकडे बघणारच! फार बरं वाटलं. जेवले पण नीट. आणि आता अंथरुणात पडल्यावर आठवतंय की पोरं निघाली तेव्हा प्रेशर तेवढंच होतं, मामांचा हात नंतर थ्रॉटलवर गेला.

जाऊ दे. पोरं मामांबरोबर वर्षानुवर्षं धुरात शिरलीत, माझ्याबरोबर आत्ता कुठे. मामांच्या पिढीच्या डोक्यात मुंबईची काळबादेवी आहे, 2015 च्या त्या आगीत चार अधिकारी गेले, म्हणजे पुढे उभे राहणारेच गेले. बाहेर या म्हणणारा ऑफिसर मामांना बहुतेक आवडत असावा. आणि समजा मान हलली नसती तर? हा प्रश्न मी मघापासून टाळतेय. बहुतेक मी अजून जोरात ओरडले असते, आणि घसा गेला असता.

उद्या ड्रिलला मामांना वॉच रूममध्ये, म्हणजे वर्दीच्या फोनवर, बसवावं आणि पंपावर दुसऱ्याला उभं करावं असं ठरवत होते. म्हणजे बघू तरी पोरं कुणाकडे बघतात. पण दुसरा पंपाला प्रेशर असं देतो की ब्रँचवाला नाचतो, आणि नाचणारा माणूस कुणाचंच ऐकत नाही. तेव्हा मामा पंपावरच. मी मात्र उभी राहीन ती पंप आणि शटरच्या बरोब्बर मधे. उंची कमी पडली तर स्टूल घेऊन.