आमची वाटचाल: भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरपासून माइक प्रीअँपपर्यंत

आमचं मूळ काम मंडपवाल्यांचे अँप्लिफायर दुरुस्त करण्याचं. व्हॉल्व्हचे सेट मोडीत निघू लागले तसे त्यांतले इनपुट ट्रान्सफॉर्मर डब्यात साठत गेले. पुढे पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातूनही वेचून आणू लागलो. आज त्यांवर बनवलेले माइक प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे अँप्लिफायर, हाच मुख्य धंदा आहे. एवढ्या काळात सगळ्यात जास्त बदलली ती आमची तपासणीची पद्धत.

सुरुवातीला सगळे करतात तेच केलं: मल्टिमीटर ओहमवर लावून वाइंडिंग (गुंडाळलेली तार) तुटलंय का बघायचं. पण मीटरचा डीसी निकेल-लोखंडाच्या नाजूक कोअरमध्ये (गाभ्यात) चुंबकत्व सोडून जातो आणि बासमध्ये विकृती वाढते. म्हणून आता आधी एसी. जनरेटरवरून १ किलोहर्ट्झ, १०० मिलिव्होल्ट एका वाइंडिंगला द्यायचे आणि दुसऱ्यावर मोजायचे. १ व्होल्ट आला तर गुणोत्तर १:१०. २० डेसिबलचा गेन (सिग्नलची वाढ) फुकटात, इम्पिडन्स (एसीला होणारा विरोध) मात्र १०० पट. १:१ निघालेला बहुधा लाईनचा (यंत्रांमधल्या मोठ्या सिग्नलसाठीचा) असतो, तो आउटपुटला ठेवतो. टेलिफोनमधले ३०० ते ३४०० हर्ट्झपुरतेच बनवलेले, आणि रेडिओतल्या ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरला बास झेपत नाही. हे दोन्ही परत भंगारात.

मग रिस्पॉन्स, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल किती पोचतो ते. माइक साधारण १५० ओहमचा धरतो. जनरेटरचे स्वतःचे ५० असतात, म्हणून १०० ओहम सिरीजमध्ये. १:१० नगाच्या सेकंडरीवर (आउटपुटच्या वाइंडिंगवर) १५० किलोओहम, म्हणजे माइकला १५०० ओहमचा लोड दिसतो. २० हर्ट्झला घट ३ डेसिबलच्या आत हवी असेल तर प्रायमरीचं (माइककडच्या वाइंडिंगचं) इंडक्टन्स १ हेन्रीच्या वर लागतं. लेव्हल वाढवूनही बघायची: फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की कोअर निम्म्या व्होल्टेजलाच सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलत नाही. १ किलोहर्ट्झला स्वच्छ दिसणारा नग ३० हर्ट्झला लाटेचा माथा सपाट करतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो रिंगिंगवर. १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट दिली की कडेला लहरी उठतात. सेकंडरीवर रेझिस्टर आणि कपॅसिटर सिरीजमध्ये लावून त्या दाबतो, ४.७ ते १० किलोओहम आणि २२० ते ६८० पिकोफॅरड यांत बहुतेकदा जमतं, पण योग्य जोडी दर नगाला वेगळी, एकाची दुसऱ्याला चालत नाही. इथे ऑसिलोस्कोपचा प्रोब १० पटीवरच हवा. १ पटीचा प्रोब केबलसकट शंभराच्या आसपास पिकोफॅरड घालतो. मग आपण ट्रान्सफॉर्मर नाही, केबल ट्यून करत बसतो!

ट्रान्सफॉर्मरवर म्यू-मेटलचा (चुंबकी क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचा) डबा असेल तर पेटीतल्या पॉवर ट्रान्सफॉर्मरजवळ धरून फिरवून बघतो. हम कमीत कमी येतो त्या कोनात बसवायचा. डबा पडला, ठोकला गेला, की शिल्डिंग उतरतं आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पिचका डबा म्हणून आम्ही स्वस्तातही घेत नाही.

४८ व्होल्ट फँटमसाठी (माइकला त्याच्याच केबलमधून दिल्या जाणाऱ्या विजेसाठी) ६.८ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकमेकांशी ०.१ टक्क्यात जुळवून घेतो. फरक राहिला तर प्रायमरीतून डीसी वाहतो आणि कोअर पुन्हा चुंबकतो.

वाइंडिंगचे ओहम नोंदीसाठी लागतातच, पण अगदी शेवटी. लगेच डीगॉस, म्हणजे कोअरमधलं चुंबकत्व काढणं: सेकंडरी मोकळी, प्रायमरीला २० ते ५० हर्ट्झ, लाट सपाट होऊ लागेपर्यंत लेव्हल चढवायची आणि दहा-पंधरा सेकंदांत सावकाश शून्यावर आणायची. मध्येच वायर काढली, वीज गेली, तर पहिल्यापासून.