कोल्हापुरात सुशी, आणि तीही पांढऱ्या रश्श्यासोबत

कोल्हापूरला गेलं की काय काय खायचं हे आमच्या घरी आधीच ठरलेलं असतं, तांबडा-पांढरा, मिसळ, गंगावेशीत धारोष्ण दूध. ह्या वेळी मावसबहिणीने ते सगळं दुसऱ्या दिवसावर ढकललं. "ताई, ताराबाई पार्कात नवीन जपानी हॉटेल झालंय, सुशीबरोबर रस्सा देत्यात. मी टेबल बुक करतो, मावशीला पण घेऊया की."

आम्ही रत्नागिरीची माणसं, मासा रोजच्या ताटातला, त्यामुळे सुशी, म्हणजे आंबूस भात आणि बरोबर बऱ्याचदा कच्चा मासा, म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की आंबा घाट चढून सव्वाशे-एक किलोमीटर येईपर्यंत त्या माशाचं काय होत असेल. काउंटरवरच्या शेफला सरळ विचारलं. तो मोकळेपणाने म्हणाला, कच्चा फक्त सॅल्मन, तोही फ्रोझन आलेला, सुरमई वगैरे आम्ही भाजूनच देतो. हे ऐकून मला हायसं वाटलं. कच्च्या माशात परजीवी असू शकतात, ते मरावेत म्हणून मासा उणे 20 अंशाला 7 दिवस गोठवायचा असं अमेरिकेचं अन्न खातं (एफडीए) सांगतं. आपल्याकडे कल्ले लाल दिसले की मासा ताजा, झालं, पण ती परीक्षा शिजवायच्या माशाची. "आज सकाळीच बंदरावरून आलाय" असं सांगून कुणी कच्चा मासा वाढला तर मी तो खाणार नाही.

खरा जीव मात्र भातात. भात गरम असतानाच त्यात तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ घालतात, लाकडी कलथ्याने कापल्यासारखा हलवतात, दाणा मोडू द्यायचा नाही, आणि वरून वारा घालतात म्हणजे जास्तीचा ओलावा उडतो नि दाण्याला चकाकी येते. तो किंचित कोमट असतानाच खायचा, फ्रीजमध्ये ठेवलेला भात कडक होतो आणि मग वर कितीही भारी मासा ठेवा, मजा गेलीच. इथला पहिला निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या मुटक्यावर माशाचा तुकडा, तोंडात घातला तेव्हा भात कोमट होता, आंबटपणा जेमतेम जाणवणारा, दाणे सुटे होत गेले. मला तिथेच हॉटेल आवडलं.

व्हेज रोलला ते इंद्रायणी वापरतात. चिकटपणा आहे त्यामुळे रोल सुटत नाही, आणि काकडी-अ‍ॅव्होकाडोबरोबर तो वास फारच छान लागतो. सॅल्मनला मात्र जपानी तांदूळच ठेवलाय आणि ते बरोबर आहे, सुवासिक तांदूळ तिथे माशाच्या अंगावर जातो. आजऱ्याचा घनसाळ याच जिल्ह्यातला, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला, त्याचा एखादा व्हेज रोल करून बघा असं मी शेफला सांगून आले, बघू.

आता रश्श्याचं. मटण सुक्क्याचा रोल, 8 तुकडे, भात बाहेर आणि समुद्री शेवाळाचं पान आत, बरोबर दोन वाट्या, एक तांबडा एक पांढरा. भात बाहेर ठेवायची ही पद्धत मुळात जपानची नाहीच, ती उत्तर अमेरिकेत निघाली, तिकडच्या लोकांना ते काळं पान नजरेसमोर नको होतं म्हणतात. आणि त्याही मागे गेलं तर सुशी म्हणजे मीठ आणि भातात मुरवलेला मासा, मासा खायचा आणि आंबलेला भात टाकून द्यायचा! त्यामुळे फ्यूजन म्हटल्यावर नाक मुरडायचं मला काही कारण दिसत नाही. चव जमते का एवढंच बघावं. तांबड्यात बुडवला तर नाही जमत, मसाला भाताचा आंबटपणा पार गिळून टाकतो, मग उरतो नुसता सुक्का-भात. पांढरा मात्र कमाल! नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस, सगळं मऊ, आणि रोलवर बाहेरून भाजलेले तीळ लावलेलेच असतात, ते त्या रश्श्याला इतके जवळचे वाटले की मी सोया सॉसची वाटी बाजूलाच सारली.

मावशीने चॉपस्टिक्स हातात घेतल्याच नाहीत, सरळ बोटांनी उचललं. शेफ लगेच म्हणाला, निगिरी हातानेच खातात काकू. एदोमध्ये, म्हणजे आताच्या टोकियोत, एकोणिसाव्या शतकात निगिरी रस्त्यावरच्या गाड्यावर मिळायचा, उभ्या उभ्या दोन घासांत संपवायचा. मग तिने वसाबी, ती सुशीबरोबरची झणझणीत हिरवी चटणी, चाखला, ठेचा पचवणारी बाई, तिला वाटलं हे काय तिखट असणार. "आगं बया, नाकात गेलं की!" मिरचीचं तिखट जिभेवर बसतं, वसाबीचा झणका वाफेसारखा उडून थेट नाकात जातो आणि थोड्या वेळात ओसरतो, म्हणून तिने परत घेतला, आणि मग परत!

बांगडा मात्र कार्डावर नव्हता आणि त्याचं मला वाईट वाटलं. जपानात बांगड्याच्या जातीचा मासा आधी मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये मुरवून सुशीवर ठेवतात. आपल्याकडे कोकमाचं आगळ आहे, बांगडा आहे, तो आधी नीट गोठवून, मग मीठ लावून आगळात मुरवला तर काय चव येईल! हेही शेफला सांगितलं, त्याने लिहून घेतलं.

जाणार असाल तर रविवारी जाऊ नका, गर्दी फार. काउंटरवरची जागा मागून घ्या, आधी साधा निगिरी खा म्हणजे भात कळतो, मसाल्याचे रोल त्याच्यानंतर. मधेमधे ते गुलाबी लोणच्याचं आलं खायचं, तोंड स्वच्छ होतं. आणि पांढरा रस्सा जास्तीचा मागवा, एक वाटी पुरत नाही.