बाबांचा कम्प्युटर, अकोल्याचा मे महिना आणि कॅप्स लॉकचा दिवा

बाबांचा फोन आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, आणि ती त्यांची झोपायची वेळ, त्यामुळे माझ्या काळजात धस्सच झालं. "अगं, तो कम्प्युटर पुन्हा अटकून राहिला." पंधरा दिवसांतली चौथी वेळ. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे काही नवीन नाही, त्यामुळे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की उन्हामुळे होतंय, पाऊस पडला की बरं होईल. दुकानवाल्याने तर कॅबिनेट न उघडताच मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला म्हणून सांगितलं आणि नवीन मशीनचं ३२ हजारांचं कोटेशन हातात दिलं. बाबा तीन वर्षांपासून त्या मशीनवर आमच्या घराण्याची वंशावळ टाईप करतायत, त्यांना नवीन मशीन नकोय, त्यांना त्यांची फाईल हवीय.

मी पुण्यात, ते अकोल्यात. फोनवर मी एवढंच विचारलं, बाबा, आत्ता कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा, दिवा लागतो का? म्हणाले लागतो, पण जरा वेळाने लागतो. माउस? हलतो, पण झटके देत देत. आणि मगाशी भजन लावलं होतं त्याचा आवाज तुटत होता.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे सगळ्यालाच "हँग झाला" म्हणतात आणि त्या एका शब्दात तीन-चार वेगवेगळी दुखणी असतात. माउस पूर्ण गोठला, कॅप्स लॉकचा दिवाही लागत-विझत नाही, तर मशीन खरंच अडकलंय, मग रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड यातलं काहीही असू शकतं. माउस मस्त फिरतोय पण काहीच उघडत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा सलग पेटलेला, तर आधी हार्ड डिस्कवर संशय घ्यायचा. धाडकन बंदच पडलं तर अति उष्णता किंवा एसएमपीएस. आणि सगळं चालू आहे पण गोगलगायीसारखं, तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करत असण्याची शक्यता मोठी. इंटेलचा प्रोसेसर १०० डिग्रीच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला तेच करतो.

शनिवारी घरी गेले आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी आकडे बघितले. मशीन जुनं, आय५-४४६०, चौथ्या पिढीतलं, त्याचा नेहमीचा वेग ३.२ गिगाहर्ट्झ. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये वेग दिसत होता ०.७९. फक्त ब्राउझर चालू असताना! तापमान दाखवणारा एचडब्ल्यूमॉनिटर टाकला तर प्रोसेसरचे चारही कोअर ९८-१०० डिग्रीवर. काहीही न करता पाच मिनिटं ठेवलं तरी ७१ च्या खाली येईना, आणि खोलीत होते ३८. म्हणजे दोष फक्त उन्हाचा नाही, खोली आणि प्रोसेसर यांच्या मधे काहीतरी अडलंय.

मग कॅबिनेटची बाजूची पत्री काढून तसंच चालवून बघितलं. ही टेस्ट मला फार आवडते. पत्री काढल्यावर तापमान आठ-दहा डिग्री उतरलं तर कॅबिनेटमधे हवा खेळत नाहीये. जेमतेम दोन-तीन उतरलं तर गडबड प्रोसेसरवरच्या फॅन-हीटसिंकमधेच (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा आणि त्यावरचा पंखा) आहे. आमचं तीनच उतरलं. (टेस्टपुरतीच हं, कायमची उघडी ठेवली की धूळ अजून जाते.)

वायर काढली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवलं म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि मग आत. धूळ अशी की फॅनच्या खालच्या हीटसिंकवर नुसतं नमद्यासारखं जाड अस्तर बसलेलं. याला कारण आमचा खसचा कूलर, तो बरोबर टेबलाच्या समोर, ओलसर हवेने धूळ उडून न जाता चिकटून बसते. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होतं. आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका, बाहेरूनच हवा मारा, त्यातले वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर वायर काढल्यावरही शॉक देऊ शकतात.

साफसफाईने थोडाच फरक पडला, ७१ चे ६५ झाले. खरी गोष्ट सापडली ती प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे तोच फॅन-हीटसिंक, हलवून बघितल्यावर. इंटेलच्या त्या गोल कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात, त्यातली खालची डावीकडची पिन बोर्डच्या आरपार गेलेलीच नव्हती. कूलर एका कोपऱ्यात उचललेला, म्हणजे प्रोसेसरला नीट टेकतच नव्हता! आणि वर प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट दहा वर्षांची, वाळून खडूसारखी झालेली. ही पिन किती दिवस अशी होती कुणास ठाऊक, पण रॅम बदलायला मशीन दुकानात गेलं होतं त्यानंतर बाबांची तक्रार सुरू झाली एवढं मला आठवतंय.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसली, नवी तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवली, पसरवली नाही, कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते. पिना समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, आधी एक कर्ण मग दुसरा, आणि प्रत्येकीचा टक् असा आवाज यायला हवा. बसल्या का ते बोर्डच्या मागून बघून घ्या, मी टॉर्च लावून दोनदा बघितलं.

चालू केलं. निवांत असताना ४७, पूर्ण लोडवर अर्धा तास ठेवलं तरी ७६ च्या वर गेलं नाही, खोलीत तेच ३८. बाबा शेजारी स्टूलवर बसून आकडे बघत होते आणि दर मिनिटाला मोठ्याने वाचत होते.

आणि रविवारी सकाळी पुन्हा अटकला.

पण यावेळी प्रोसेसर ४९ वर होता, माउस छान फिरत होता आणि लाल दिवा सलग पेटलेला. म्हणजे हे दुसरंच दुखणं, आतापर्यंत पहिल्याच्या आड लपलेलं. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं तर डिस्कला पिवळा रंग, कॉशन म्हणजे धोक्याची सूचना, वाचता न येणारे सेक्टर वाढलेले. इथे मी दुरुस्तीचा एकही प्रयोग केला नाही, अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) वगैरे चालवत बसलात तर ती मधेच दगावू शकते. आधी वंशावळ पेन ड्राइव्हवर, मग माझ्या लॅपटॉपवर, मग मेलवर, आणि नंतर बाकी फोटो. संध्याकाळी हार्ड डिस्कऐवजी २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आणून त्यावर विंडोज टाकलं.

दुकानवाल्याचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. त्यावर दिवाळीत घरी गेले की विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघणार आहे, मराठी टायपिंग बाबांना जमलं तरच. तोपर्यंत कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढलंय आणि खसच्या कूलरचं तोंड दुसरीकडे केलंय.

बाबा आता रोज दुपारी वहीत तापमान लिहितात. काल फोन आला, तोही अडीचलाच. खोलीत ४१, प्रोसेसर ५२, आणि पणजोबांच्या धाकट्या भावाची शाखा टाईप करून झाली.