मशीन आपोआप थांबतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न तसा जुनाच, त्यात ‘स्मार्ट’ तेवढं अलीकडे आलंय. कुणाच्या पित्ताशयात खडे निघाले, डॉक्टर म्हणाले ‘दुर्बिणीने काढून टाकू’, की मला फोन येतो. मी मिरजेच्या एका रुग्णालयात बायोमेडिकल इंजिनिअर आहे. म्हणजे ऑपरेशन मी करत नाही, थिएटरमधली यंत्रं धड ठेवते. पण मिरज पडलं दवाखान्यांचं गाव, त्यामुळे ओळखीतलं जो कोणी दवाखान्यात कामाला असेल त्याला सगळं येतं असं लोक धरूनच चालतात. विचारणं साधारण असं असतं: ‘आता मशिनं स्मार्ट झालीत म्हणे. चुकीच्या जागी लागलं तर आपोआप थांबतं ना?’

काही बाबतींत थांबतं. बऱ्याच बाबतींत नाही. प्रत्येक संरक्षक यंत्राला एकच गोष्ट कळते, आणि त्या एका गोष्टीपलीकडे ते ठार अडाणी असतं. कंपनीचा माणूस येऊन डेमो देतो तेव्हा हे तो सांगत नाही. मीही त्याच्या जागी असते तर सांगितलं नसतं.

पोटात शिरण्यापासून सुरुवात करू, कारण दुर्बिणीच्या ऑपरेशनमधल्या गंभीर इजांपैकी निम्म्याच्या आसपास इजा खरं काम सुरू व्हायच्या आधी, नुसतं आत शिरतानाच होतात. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवायचं असतं. त्यासाठी वापरतात ती व्हेरेस नीडल यानोश वेरेश या हंगेरियन डॉक्टरने १९३०च्या दशकात बनवली, आणि तीही पोटासाठी नव्हे. तेव्हा क्षयाच्या रुग्णांच्या छातीत हवा भरून फुफ्फुसाला विश्रांती देत, त्यासाठी. बाहेर धारदार सुई, आत स्प्रिंगवर बसवलेली बोथट नळी. कातडी-स्नायू दाबत असतात तोवर बोथट नळी मागे सरकलेली राहते. पोकळीत शिरल्याबरोबर दाब सुटतो आणि ती ‘टक्‌’ करून पुढे येते, म्हणजे धार झाकली जाते. ना बॅटरी, ना पडदा. तरी अजून जगभर ती रोज वापरात आहे. आमच्याकडे पुन्हापुन्हा वापरायची सुई निर्जंतुक करायला जाण्याआधी टोक दाबून स्प्रिंग बघायची असते. आत वाळलेलं रक्त अडकलं असेल तर नळी आळसावल्यासारखी परत येते. ती सुई बाजूला काढायची.

पुढे या कल्पनेवर कंपन्यांनी मोठी उडी मारली. पोर्ट, म्हणजे कॅमेरा आणि हत्यारं आत घालायची नळी. तिच्यासाठी पोटाला भोक पाडणारं टोकदार हत्यार म्हणजे ट्रोकार. त्यावर प्लॅस्टिकचं कवच बसवलं. पाती आत गेली की कवच झेप घेऊन तिला झाकणार. जाहिरात अर्थातच सुरक्षिततेची. पण कवच पुढे येतं ते पाती पूर्ण आत गेल्यावर, आणि बारीक अंगकाठीच्या माणसात बेंबीपासून मुख्य रक्तवाहिनीपर्यंतचं अंतर जेमतेम काही सेंटीमीटर असतं. शेवटी १९९६मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, कंपन्यांना कळवलं की इजा कमी होतात याचा पुरावा तुमच्याकडे नाही, तेव्हा लेबलवरचे सुरक्षिततेचे दावे काढून टाका. उलट १९७१मध्ये हॅरिथ हॅसन यांनी मांडलेली पद्धत बघा: बेंबीजवळ छोटा छेद, थर डोळ्यांनी बघत उघडायचे आणि बोथट टोकाची नळी घालायची. यात स्मार्ट असं काहीच नाही. अनेक सर्जन आजही तेच करतात, अनेक जण सुईवर भरवसा ठेवतात, आणि दोन्हींत निर्विवाद सरस कोणती हे अजून ठरलेलं नाही. ज्याचा हात ज्यावर बसलाय ते त्याने करावं, या मताची मी आहे.

आता कॉटरी, म्हणजे विजेने जाळून कापणारं आणि रक्त थांबवणारं यंत्र. माझा निम्मा जीव तिच्यात अडकलेला असतो.

कॉटरीच्या टोकातून वीज पेशंटच्या शरीरात जाते आणि मांडीला चिकटवलेल्या प्लेटमधून यंत्राकडे परत येते. टोकाशी ती एकवटते म्हणून तिथे जाळते, प्लेटवर पसरते म्हणून तिथे काही होत नाही. प्लेट अर्धी सुटली, तर परतीची वीज उरलेल्या चिंचोळ्या जागेतून जाते आणि मांडी भाजते. यावरचा उपाय मात्र खरंच हुशार आहे. प्लेट दोन भागांची करायची, आणि यंत्राने त्या दोन भागांमधून सतत अगदी क्षीण प्रवाह सोडून विरोध मोजत राहायचं. चिकटणं सैल झालं की विरोध वाढतो, अलार्म वाजतो, कॉटरी बंद. या एका सोयीने प्लेटखालचं भाजणं फार कमी झालं. जुन्या यंत्रांवर अजून एकसंध प्लेट दिसते. तिथे यंत्राला फार तर वायर जोडलीय एवढंच कळतं, प्लेट माणसाला चिकटलीय की गादीला, हे नाही.

पण दोन भागांची प्लेट उत्तम चिकटलेली असतानाही आत आतडं भाजू शकतं, आणि यंत्राच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. कसं ते सांगते. दुर्बिणीचं हत्यार सुमारे ३५ सेंटीमीटर लांब. टोक उघडं, बाकी दांडीवर इन्सुलेशन. कॅमेऱ्यात दिसतं ते टोक आणि मागचा थोडासा भाग. इन्सुलेशनला त्यामागे कुठे भोक पडलं असेल, तर वीज तिथूनही बाहेर पडते आणि शेजारच्या आतड्याला चाटून जाते. मिक्सरची वायर चिरली तर निदान दिसते तरी. हे भोक टाचणीच्या टोकाहून बारीक असू शकतं, आणि बारीक असेल तितकं वाईट, कारण वीज तेवढ्या जागी एकवटते. दर वेळी धुणं, घासणं, १३४ अंशांच्या वाफेत जाणं, पुन्हा धातूच्या पोर्टमधून वरखाली. इन्सुलेशन झिजणारच.

म्हणून तपासणी. माझ्याकडे एक छोटं यंत्र आहे. त्याची कडी दांडीवरून हळूहळू सरकवायची, कडीला काही हजार व्होल्ट दिलेले. भोक आलं की निळसर ठिणगी पडते आणि बीप वाजतं. नजरेला नवंकोरं दिसणारं हुक, म्हणजे आकड्यासारख्या टोकाचं कॉटरीचं हत्यार, त्या बीपने भंगारात जातं. त्यावर सिस्टर माझ्याकडे जे बघतात ते बघण्यासारखं असतं, कारण संध्याकाळच्या लिस्टला हुक कमी पडणार असतं.

यावरही स्मार्ट तोड आहे. इन्सुलेशनच्या आत एक संरक्षक धातूचं आवरण असलेली हत्यारं मिळतात. गळती झाली की वीज त्या आवरणातून परत जाते आणि त्यावर लक्ष ठेवणारं यंत्र पुरवठा तोडतं. माझ्या मते दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं यंत्र हेच. रोबोटचा फोटो मात्र रुग्णालयाच्या बोर्डावर लागतो. असो.

उरलं पित्ताचं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९०मध्ये भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया केली. जगभर त्या काळात पद्धत झपाट्याने पसरली आणि पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाणही वाढलं. सर्जनने यकृतातून येणारी मुख्य पित्तनलिका पित्ताशयाची छोटी नलिका समजून कापायची, असा बहुतेक वेळा घोळ. १९९५मध्ये स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी नियम मांडला: चरबी साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून मोकळा करा, पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोन गोष्टी (त्याची नलिका आणि रक्तवाहिनी) दिसल्याशिवाय काहीही कापू नका. आता इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग शिरेतून देतात. तो पित्तातून उतरतो आणि खास कॅमेऱ्यात नलिका हिरवी चमकते. उत्तम सोय आहे. पण सूज फार असली, चरबीचा थर जाड असला, तर चमक खालीच राहते. आता पडद्यावर ‘इथे कापा, इथे नको’ असं रंगवून दाखवणारी सॉफ्टवेअरंही तयार होतायत. तीही रंगवतात फक्त कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच.

तर फोनवर मी काय सांगते? मशीन कुठल्या कंपनीचं हे विचारू नका. हत्यारांचं इन्सुलेशन यंत्राने तपासता का, हे विचारा. पेसमेकर असेल, मांडीत रॉड असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. जुन्या सिझेरियनची किंवा पोटाच्या ऑपरेशनची फाइल घेऊन जा. आतडी बेंबीपाशी चिकटलेली असण्याची शक्यता कळली तर सर्जन डाव्या बरगडीखालून शिरतील. आणि घरी आल्यावर दिवसागणिक दुखणं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं, ताप आला, पोट फुगलं, तर ‘गॅस असेल’ म्हणत ओवा खात बसू नका, त्याच दिवशी परत दाखवा. भाजलेलं आतडं लगेच फुटत नाही, काही दिवस घेतं, आणि तोवर पेशंट घरी पोहोचलेला असतो.