दत्तक आदेश हातात, पण जन्मदाखला अडलेला: माझा अनुभव

अमेरिकेतल्या मराठी जोडप्याने भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरवलं की जो तो विचारतो, "'कारा'कडे (भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे) नंबर कधी लागणार?" नंबर लागतो. होम स्टडी (घराची आणि पालकांची पाहणी), आय-८००ए (पालक म्हणून अमेरिकन सरकारची मंजुरी), मग आय-८०० (त्या विशिष्ट मुलासाठीचा अर्ज), दिल्लीच्या अमेरिकन दूतावासाचं, परदेशी दत्तकासाठीच्या हेग करारातल्या कलम ५ चं पत्र, 'कारा'चं ना-हरकत पत्र, या सगळ्याला वेळ लागतो. पण अमेरिकेतली दत्तक एजन्सी ते काम पुढे सरकवत असते आणि आपण घरी असतो. खरी कोंडी भारतात आल्यावर होते, रजेचे दिवस मोजत असताना. आमची झाली ती जन्मदाखल्यापाशी.

१ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश देण्याचे अधिकार कायद्याने न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. आदेश निघाला की 'कारा' त्याच हेग करारातल्या कलम २३ चं, म्हणजे दत्तक करारानुसार झाल्याचं, प्रमाणपत्र देते. ते पोर्टलवर येतं, त्रास नाही. मात्र मुलाच्या पासपोर्टसाठी लागतो आपली नावं आई-वडील म्हणून असलेला जन्मदाखला, आणि तो देतं महापालिकेचं जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय. दत्तक नियमांत त्यासाठी पाच दिवसांची मुदत आहे. आमच्या खिडकीवर ती मुदत कुणाला ठाऊक नव्हती. नियमाची छापील प्रत जवळ ठेवा आणि अर्जाची पोच तारीख-शिक्क्यासह घ्या. तोंडी "पुढच्या आठवड्यात या" हे उत्तर घेऊन परत फिरू नका. पोच नसेल तर पुढच्या आठवड्यात अर्जच सापडत नाही.

खिडकीवर पहिला प्रश्न येतो, "मूळ नोंद कुठे आहे?" मूल सोडून दिलेलं असेल तर जन्माची नोंद बहुधा झालेलीच नसते, आणि आई-वडिलांनी रीतसर सोपवलेलं असेल तर ती गोपनीय असते. दोन्ही बाबतींत उत्तर देणं हे मूल जिथे होतं त्या भारतातल्या दत्तक संस्थेचं काम आहे, पालकांचं नाही. म्हणून पहिल्याच फेरीला संस्थेची समाजसेविका सोबत हवी, आणि जमलं तर जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांचं पत्रही. जन्मतारीख आदेशात असते तीच धरायची.

दुसरी अडचण स्पेलिंगची, आणि तिनेच सर्वाधिक दिवस खाल्ले. नोंदणी कार्यालय वडिलांचं नाव मराठी पद्धतीने तीन भागांत लिहितं. आपल्या अमेरिकन पासपोर्टवर कधीकधी मधलं नाव नसतं, किंवा 'श्री' एकीकडे 'एसआरआय' आणि दुसरीकडे 'एसएचआरआय' असतो. आईने लग्नानंतर नाव बदललं नसेल तर कारकून आपणहून सासरचं आडनाव घालतो. इंग्रजीतला दाखला तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. चूक नोंदीत असेल तर निबंधक जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्त करू शकतात. चूक आदेशातच असेल तर मात्र दुरुस्ती आदेशासाठी पुन्हा जिल्हाधिकारी कार्यालय गाठावं लागतं, आणि तिथे दिवस नाही, आठवडे जातात. आदेशातली चूक बहुतेक वेळा अर्जातून आलेली असते. त्यामुळे खरी तपासणी अमेरिकेत असतानाच करायची: संस्था अर्ज दाखल करण्याआधी मसुदा मागवा, पासपोर्ट शेजारी ठेवा, दोघांनी वेगवेगळा वाचा. एजन्सीने हे आम्हाला सांगायला हवं होतं.

हा दाखला टाळताही येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच चालतो. आदेशाच्या किमान पाच प्रमाणित प्रती आधीच घेऊन ठेवा, प्रत्येक टेबलाला एक लागते.

पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. सोडलात तर अमेरिकन व्हिसावर मुलाचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) छापलं जातं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच न्यायचा असतो.

वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. मूल दोन वर्षांचं किंवा मोठं असेल तर क्षयासाठी रक्ततपासणी असते. ती पॉझिटिव्ह आली तर एक्स-रे, आणि एक्स-रेतही शंका आली तर थुंकीच्या कल्चरला आठ आठवडे. म्हणून ही वेळ पासपोर्ट हातात येताच घ्या, व्हिसाच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी नको. दहा वर्षांखालच्या दत्तक मुलाची लसीकरणाची अट पालकांच्या प्रतिज्ञापत्रावर पुढे ढकलता येते. तिकडे पोहोचल्यावर तीस दिवसांत लशी द्यायच्या.

परतीचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा. वाटेत विमान बदलणार असाल तर ट्रान्झिट व्हिसाचे नियम मुलाच्या भारतीय पासपोर्टप्रमाणे तपासा, आपल्या नव्हे. दूतावासाने सीलबंद पाकीट दिलं तर ते फोडू नका आणि हातातल्या बॅगेत ठेवा.

आयएच-३ व्हिसावर (भारतातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलाला मिळणाऱ्या) मूल अमेरिकेत उतरलं की ते तिथलं नागरिक होतं आणि नागरिकत्वाचा दाखला वेगळा अर्ज न करता टपालाने येतो. मात्र तो व्हिसाच्या अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर येतो. घर बदलणार असाल तर आधीच कळवा. पुढची दोन वर्षं एजन्सीकडून 'कारा'ला मुलाचे अहवाल जावे लागतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी दर सहामाहीला.

आणि एक राहिलं: नोंदणी कार्यालयातून दाखल्याच्या तीन-चार प्रती एकदमच मागा. पुढे अमेरिकेत बसून एक जादा प्रत मागवायची म्हणजे पुन्हा तीच खिडकी.